चार खुर्च्या, दोन पावसाळे: पणजीतल्या एका कार्यालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पणजीच्या मळा भागात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर सनदी लेखापालांचं एक कार्यालय जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. 2022 च्या मे महिन्यात ते पाटोवरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर हललं. नव्या जागेच्या अंतर्गत सजावटीचं काम माझ्याकडे होतं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारकावे बदलले आहेत, खुर्च्यांचं जे झालं ते मात्र जसंच्या तसं सांगतो आहे.

भागीदार तीन. ज्येष्ठ भागीदार सत्तरीच्या उंबरठ्यावरचे आणि एका देवस्थानच्या समितीवर असलेले. दुसरी त्यांची मुलगी. तिने मुंबईत आर्टिकलशिप (सनदी लेखापाल होण्याआधीची उमेदवारी) केली, काही वर्षं तिथेच नोकरी केली आणि मग ती परतली. तिसरे फोंड्याहून रोज ये-जा करणारे, बोलायला कमी पण हिशेबाला पक्के. क्लायंट म्हणजे म्हापशाचे दुकानदार, किनाऱ्यावर गेस्ट हाउस चालवणारी कुटुंबं, निवृत्त शिक्षक, सोसायट्यांचे आणि देवस्थानांचे खजिनदार. म्हणजे वयाने बरेचसे साठीपुढचे.

जुन्या कार्यालयात बसायला काय होतं, याचे फोटो मी काढून ठेवले होते. घरमालकाच्या काळापासूनच्या लांब हातांच्या दोन आरामखुर्च्या होत्या, ज्यांना गोव्यातल्या घरांत वोल्तेर म्हणतात. लोखंडी नळीच्या चार खुर्च्या होत्या आणि दाराशेजारी भिंतीला लागून हात असलेला एक लांब बाक होता. मी फोटो काढले, मापं घेतली आणि निघालो. तिथे बसून, कोण कुठे बसतं हे पाहिलं नाही. ही पहिली चूक, तिच्याकडे पुढे येईनच.

मुलीची मागणी

पहिल्याच बैठकीत मुलीने फोनवर एक फोटो दाखवला. बार्सिलोना चेअर. ‘रिसेप्शनमध्ये या चार हव्यात, बाकी सगळं तुम्ही ठरवा.’

मी कारण विचारलं. मुंबईत पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला ती गेली होती, तेव्हा लॉबीत तिला अशाच एका खुर्चीत वीस मिनिटं बसवलं होतं. ‘हात थंड पडले होते. पण त्या खुर्चीत बसल्यावर वाटलं, इथे माणसाला घाई करत नाहीत.’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. खुर्चीबद्दल इतकं नेमकं बोलणारं माणूस मला क्वचित भेटतं. तिला मिरवायचं नव्हतं. आपल्या कार्यालयात येणाऱ्याला तसंच वाटावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या खुर्चीची ओढ का टिकली, हे इथे थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण त्याशिवाय आमचे पुढचे निर्णय समजणार नाहीत. 1929 मध्ये बार्सिलोनाला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. त्यातल्या जर्मन दालनासाठी लुडविग मीस फान डेर रोहे आणि लिली राइख यांनी ही खुर्ची केली. उद्घाटनाला येणाऱ्या स्पेनच्या राजाराणीला बसता यावं, अशी ती योजना होती. बाजूने पाहिलं तर पोलादी पट्टीच्या दोन वळणांची एकमेकींना छेदणारी फुली दिसते, वर चामड्याचे पट्टे आणि त्यांवर दोन गाद्या. दालन पुढच्याच वर्षी उतरवलं गेलं आणि 1986 मध्ये त्याच जागी पुन्हा उभं राहिलं. खुर्ची मधल्या काळातही जगत राहिली. मीस यांच्याकडे शिकलेल्या फ्लोरेन्स नोल यांच्या कंपनीने 1953 पासून तिचं उत्पादन घेतलं. त्याच दशकात अमेरिकेत काचेच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या लॉब्यांमध्ये ही खुर्ची जाऊन बसली. तेव्हापासून ती कचेरीचीच झाली.

माझ्या मते तिचं कचेरीशी जमलं त्याचं कारण तिच्या मापात आहे. रुंदी, खोली, उंची तिन्ही साधारण 75 सेंटिमीटर. म्हणजे एका घनात बसणारी खुर्ची. ती बुटकी असल्यामुळे तिच्यावरची भिंत मोठी दिसते, छत उंच वाटतं. पाय बारीक, त्यामुळे फरशी अखंड दिसत राहते. 1925 च्या सुमाराला मार्सेल ब्रॉयर यांनी सायकलच्या हँडलवरून कल्पना घेऊन पोलादी नळीची खुर्ची केली, तिच्यातही हेच आहे: खुर्ची जागा अडवत नाही, नजर तिच्यातून आरपार जाते. ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोट पेरियाँ यांनी 1928 मध्ये केलेल्या चौकोनी आरामखुर्चीत नळीचा सांगाडा बाहेर आणि गाद्या आत आहेत. काय कशाला धरून आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळतं. काही लपवलेलं नसतं. ज्या जागी लोक आपला पैसा आणि कागद दुसऱ्याच्या हवाली करतात, तिथे काही न लपवणारी वस्तू का आवडते, हे मला समजू शकतं.

ज्येष्ठ भागीदारांना हे परकं वाटलं. मुलीचं त्यावरचं उत्तर मला आजही पटतं. ‘बाबा, तुम्ही कला अकादमीत इतकी नाटकं पाहिलीत, ती इमारत तुम्हाला परकी वाटते का?’ चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी बांधलेली कला अकादमी ही पक्की आधुनिक वास्तू. ती पणजीकरांची इतकी झाली आहे की तिला कुणी शैलीचं नाव देत नाही. बाबा हसले आणि म्हणाले, ‘ठीक आहे, खुर्ची येऊ दे. पण गायीच्या कातड्याची नको.’ देवस्थानची माणसं येऊन बसतात, हे त्यांच्या मनात होतं. मूळ खुर्चीची गादी एकाच कातड्यातून कापलेल्या चाळीस तुकड्यांची असते, हे सांगून मी तो विषय तिथेच मिटवला. मूळ खुर्ची या कार्यालयात येणार नव्हती. किमतीमुळे ती तशीही आली नसती.

जागा आणि तिची अडचण

प्रतीक्षेची खोली 14 फूट बाय 11 फूट. एका बाजूला काचेचं दार, समोर रिसेप्शनचं टेबल, डावीकडे आत जायची वाट. भिंतीला लागून जेमतेम साडेतीन मीटर सलग जागा. त्यात 75 सेंटिमीटरच्या चार खुर्च्या बसतात, पाचवी बसत नाही.

दुसरी अडचण हवेची. पाटोच्या एका बाजूला रुआ द ओरेमची खाडी, पलीकडे मांडवी. पावसाळ्यात हवा ओलीचिंब आणि वर्षभर खारट. कार्यालयातला एसी संध्याकाळी सातला बंद होतो, शनिवारी दुपारी बंद झालेला सोमवारी सकाळी सुरू होतो. म्हणजे थंड झालेल्या सामानावर रात्री दमट हवा येऊन बसते, आणि हे आठवड्यात सहा वेळा होतं. गोव्यातल्या घरात लाकडी कपाटामागची भिंत जशी घामेजते, तशीच कचेरीतली प्रत्येक गादी घामेजते.

तिसरी अडचण आम्हा कुणाच्याच यादीत नव्हती. लेखापालाच्या कार्यालयात बाकी वर्षभर माणसं येतात आणि दहा मिनिटांत आत जातात. जुलैत तसं होत नाही. 31 जुलै ही बहुतेक वैयक्तिक प्राप्तिकर विवरणपत्रांची नेहमीची शेवटची तारीख, आणि तिच्या आधीचे दोन आठवडे माणसं पाऊण-पाऊण तास बसून असतात. लॉबीतली खुर्ची बहुतेक वेळ नुसती पाहिली जाते. इथली खुर्ची खरोखर बसण्यासाठी होती.

विचारात घेतलेले पर्याय

परवान्याने बनलेली मूळ खुर्ची वर सांगितल्याप्रमाणे बाद झाली. नळीच्या सांगाड्याच्या चौकोनी आरामखुर्च्यांची नक्कल पाहिली. तिला हात होते, ही जमेची बाजू. पण गाद्यांच्या फटीत धूळ आणि ओल साठते, आणि बसल्यावर माणूस आत खोल जातो. तिसऱ्या भागीदारांनी विमानतळासारख्या जोडखुर्च्या सुचवल्या: धातूची जाळी, एका पट्टीवर चार. सोय उत्तम, पण मुलीने एका शब्दात नकार दिला. ज्येष्ठांनी जुने वोल्तेर आणू या म्हटलं. मी मोजलं तर एकेक वोल्तेर पाय पसरून दीड मीटरच्या वर जागा घेत होता.

राहिली बार्सिलोनाची नक्कल. तिच्या रचनेला शंभरी भरत आली आहे. आपल्याकडे नोंदवलेल्या डिझाइनला 10 वर्षं आणि वाढवून 15 वर्षं संरक्षण मिळतं, आणि या खुर्चीच्या नकला दुकानात उघड मांडलेल्या असतात. मला त्यात पूर्ण समाधान नव्हतं. मुलीला ते मी बोलूनही दाखवलं. पण माझा आक्षेप तत्त्वाचा होता, आणि तत्त्वाच्या नादात मी वस्तू नीट तपासली नाही.

पहिला निर्णय

राज्याबाहेरच्या एका विक्रेत्याकडून चार खुर्च्या मागवल्या. गादी रेक्झिनची, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा लेप दिलेली. सांगाडा ‘304 ग्रेड स्टेनलेस स्टील’ असं बिलावर लिहिलेलं. खुर्च्या आल्या तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने खिशातून लोहचुंबक काढून सांगाड्याला लावून दाखवलं. चिकटलं नाही. ‘पाहा साहेब, अस्सल स्टेनलेस.’ मी मान डोलावली आणि पावतीवर सही केली.

ही सही हा या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण. चुंबक चिकटलं नाही, एवढ्यावरून 304 सिद्ध होत नाही. 202 सारख्या 200 मालिकेतल्या स्वस्त स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं. खरं म्हणजे समुद्राजवळ 304 सुद्धा चहाच्या डागांसारखी तपकिरी होते, तिथे मॉलिब्डेनम असलेली 316 मागायला हवी. हे मला ठाऊक होतं. रेलिंगच्या कामात मी नेहमी 316 मागतो, पण खुर्चीच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही. भंगारवाल्यांकडे रसायनाची छोटी बाटली मिळते. तिचा एक थेंब टाकला की रंगावरून 202 आणि 304 वेगळं कळतं. तो थेंब मी टाकला तो वर्षभरानंतर.

गादीतही फरक होता. मूळ गादीचे चौकोन सुटे कापून, कडांना गोट लावून जोडलेले असतात. आमच्या गादीवर एकाच कापडाला वरून शिवण मारून चौकोनांचा आभास केला होता. दिसायला लांबून सारखंच. पण शिवणीच्या प्रत्येक भोकातून ओल आत जायला वाट होती.

मे अखेरीला खोली सजली तेव्हा मात्र सगळे खूश होते. चार खुर्च्या, एक खुजं टेबल, भिंतीवर जुन्या पणजीचं एक रेखाचित्र. मुलीने त्या संध्याकाळी एका खुर्चीत बसून चहा घेतला. मलाही ते चित्र सुंदर वाटलं होतं.

जुलै आणि चवथ

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला: दहा माणसं आहेत, चार बसली आहेत, सहा उभी. आतल्या खोलीतून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून वाटेत मांडल्या गेल्या. पाहायला गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या आणि चार चांगल्या खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या होत्या.

त्याच दिवशी बार्देशातले एक निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांना मानाने बार्सिलोनात बसवलं. अर्ध्या तासाने त्यांचं नाव पुकारलं, ते उठायला गेले आणि उठता येईना. खुर्चीला हात नाहीत. बैठक मागे कललेली, त्यामुळे गुडघे कमरेपेक्षा वर आलेले. त्यांनी दोन्ही हात गादीवर टेकले तर गादी दबली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, फाइल मांडीवरून खाली पडली, कागद पसरले. जावई धावला आणि काखेत हात घालून त्याने त्यांना उभं केलं. सर काही बोलले नाहीत. जाताना मला म्हणाले, ‘कदेल बरी आसा, पूण उठचें कशें?’ (खुर्ची बरी आहे, पण उठायचं कसं?) आवाजात राग नव्हता. मला तो प्रश्न फार लागला, कारण मी त्याचं उत्तर देण्याच्याच धंद्यात आहे.

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 31 ऑगस्टला होती. कार्यालय पाच दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा चारही गाद्यांच्या शिवणींवर बुरशीची पांढरी रेघ होती आणि सांगाड्याच्या वळणावर, पट्टीच्या जोडापाशी, तपकिरी ठिपके. बुरशी पुसली, ठिपके पॉलिशने घालवले. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘वापरातली निष्काळजी.’

वर्षभर का थांबलो

इथे कुणालाही वाटेल की सप्टेंबरातच खुर्च्या बदलायला हव्या होत्या. आम्ही बदलल्या नाहीत. कारणं तीन होती आणि तिन्ही माणसांची होती. मुलीला कबूल करायचं नव्हतं, कारण मागणी तिची. मला कबूल करायचं नव्हतं, कारण तपासणी माझी. आणि ज्येष्ठ भागीदार मुलीला दुखवायला तयार नव्हते. तिसरे भागीदार तेवढे म्हणाले, ‘गेलेला पैसा गेला, पुढचा वाचवा.’ हिशेबाच्या दृष्टीने तेच बरोबर होतं. आम्ही ऐकलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलै 2023 मध्ये, रेक्झिन आधी चिकट झालं आणि मग सोलायला लागलं. पॉलियुरेथेनचा लेप ओलीने आतून तुटत जातो. एकदा सुरुवात झाली की ते थांबवता येत नाही, वरून कितीही मलम लावा. एका क्लायंटच्या पांढऱ्या लेंग्यावर काळे कण चिकटले. ती गोष्ट मुलीने स्वतः पाहिली आणि त्याच संध्याकाळी फोन केला. ‘चूक माझी. आता सांगा.’ ‘चूक दोघांची,’ मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

दुसरा निर्णय

या वेळी मी सुरुवात खुर्चीपासून केली नाही. मळ्यातलं जुनं कार्यालय अजून रिकामं होतं. तिघा भागीदारांना घेऊन तिथे गेलो आणि विचारलं, कोण कुठे बसायचं? ज्येष्ठ पटापट सांगत गेले. तरुण आरामखुर्चीत. बायका नळीच्या खुर्च्यांवर. म्हातारी माणसं सगळी बाकावर, आणि त्यातही टोकाला, जिथे हाताला धरून उठता येतं. चाळीस वर्षं लोकांनी आपापल्या गुडघ्यांप्रमाणे जागा निवडली होती.

मुलीने तेव्हा नेमका प्रश्न विचारला: ‘म्हणजे मला जे हवं होतं ते सोडून द्यायचं?’ नाही. तिला हवी होती ती शांत, उघडी, घाई न करणारी खुर्ची. ती चंदीगडला बनून जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती.

1950 च्या दशकात चंदीगड उभं राहत असताना पिएर जानरे तिथे राहिले आणि सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी फर्निचर उभं केलं. सागवान आणि वेत, उलट्या व्ही आकाराचे पाय, सपाट रुंद हात. ती खुर्ची युरोपातून आयात केलेली नव्हती. इथल्या सुतारांनी, इथल्या लाकडात, सरकारी कारकुनाच्या आठ तासांसाठी ती बनवली. पुढे त्यांतल्या शेकडो खुर्च्या मोडीत निघाल्या, गच्च्यांवर ढीग लागले, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत लाखांना गेल्या. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढला. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती दुरुस्तीची सोय: वेत सैल झाला तर पुन्हा विणता येतो, जोड हलला तर ठोकून बसवता येतो. ज्या खुर्च्या भंगारातून परत आल्या त्या याच जोरावर उभ्या राहिल्या.

पण तिचीही नक्कल करायची नाही, असं या वेळी ठरवलं. तत्त्व घ्यायचं: पाय, हात आणि पाठ यांचा भार एकाच बाजूच्या चौकटीने उचलायचा, आणि बैठक-पाठीला वेत. मापं आपल्या माणसांची.

मेस्तांच्या कारखान्यात

फोंडा तालुक्यात एक मेस्त (सुतार) आहेत, ज्यांच्याकडे मी दारं-खिडक्यांची कामं देतो. त्यांना कागद दाखवला. पहिला आक्षेप पायांवर आला. ‘हे पाय बाहेर पसरतात, तुमची खोली चिंचोळी. फाइल घेऊन जाणारा अडखळेल.’ व्ही आकार तिथेच गेला. पुढचा पाय सरळ, मागचा थोडा मागे कललेला, असं ठरलं.

मग एक नमुना खुर्ची पॅकिंगच्या लाकडात केली, कच्ची, वेताच्या जागी सुतळी. ती कार्यालयात दोन आठवडे ठेवली आणि रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, प्रत्येक साठीपुढच्या माणसाला हिच्यात बसव आणि उठताना बघ. बैठकीची उंची पुढे 45 सेंटिमीटर, मागे 42, म्हणजे कल नावापुरताच. खोली 46. हात बैठकीपासून 21 वर होते. दोन-तीन जणांनी उठताना खांदे उचलले, असं तिने सांगितलं, म्हणून ते 19 वर आणले. हाताचं पुढचं टोक बैठकीच्या कडेपर्यंत वाढवलं, कारण उठताना माणूस हाताच्या टोकावर जोर देतो, मधोमध नाही. ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही, तिच्या वहीतल्या नोंदींतून शिकलो.

लाकूड पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी वाशांचं. इतकी वर्षं पावसाळे खाल्लेलं लाकूड आता हलत नाही, मेस्तांचं म्हणणं. वाशांना खिळ्यांची भोकं होती. मी ती भरून टाकायला सांगणार होतो. मेस्तांनी त्याच लाकडाच्या बारीक गोल खुंट्या करून भोकांत बसवल्या आणि तासून सपाट केल्या. हातावर बोट फिरवलं की लागत नाहीत, पाहिलं की गडद ठिपका दिसतो. ज्येष्ठ भागीदार पहिल्या दिवशी बराच वेळ तो ठिपका चाचपत बसले होते. ‘हे कुणाच्या तरी घराचं छप्पर होतं,’ एवढंच म्हणाले.

सहा खुर्च्या झाल्या. रुंदी 54 सेंटिमीटर असल्याने त्या साडेतीन मीटरच्या भिंतीला लागून बसल्या. शिवाय समोर, दाराजवळ, मळ्यातला बाक आणून ठेवला. खर्च पहिल्या चार खुर्च्यांपेक्षा थोडा कमी झाला.

काय वेगळं करता आलं असतं

जुन्या कार्यालयात एक जुलै नाही, तर निदान एक सकाळ बसलो असतो, तर पुढचं निम्मं टळलं असतं. ही माझी सगळ्यात मोठी खंत आहे. दुसरी खंत चुंबकाची. ग्रेडची हमी बिलावर नाही, तपासणीवर घ्यायची, आणि तपासणी विक्रेत्याच्या हातून करून घ्यायची नाही.

मुलीचं म्हणणं निराळं आहे आणि ते मी इथे नोंदवतो. तिच्या मते पहिला निर्णय चूक नव्हता, संख्या चूक होती. चारऐवजी एकच बार्सिलोना, तीही खरी, आतल्या केबिनमध्ये ठेवली असती आणि बाहेर बाकच ठेवला असता, तर दोन्ही जमलं असतं. मी यावर बराच विचार केला. चामड्याचा प्रश्न सुटला नसता. पण बैठकीच्या जागी बैठक आणि पाहण्याच्या जागी पाहण्याची वस्तू, हे तिचं वर्गीकरण बरोबर आहे.

सप्टेंबर 2022 मध्येच थांबायला हवं होतं, यावर मात्र आमचं चौघांचं एकमत आहे.

सध्याची स्थिती

खुर्च्या 2024 च्या जानेवारीपासून वापरात आहेत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात वेतावर एकदा बुरशीची झाक आली, कोरड्या फडक्याने निघाली. एका खुर्चीवर कुणीतरी फाइलींनी भरलेली जड बॅग आपटली आणि बैठकीचे चार पदर तुटले. मेस्तांच्या ओळखीचा विणकर येऊन दोन दिवसांत जाळी नवी करून गेला. बैठक थोडी सैल वाटली की रिसेप्शनवरची मुलगी शनिवारी निघताना ओल्या फडक्याने वेत खालच्या बाजूने भिजवते. वाळताना तो आखडतो आणि सोमवारी ताठ असतो.

चार नकलांपैकी दोन भंगारात गेल्या. त्या वेळी थेंब टाकून पाहिला: 202. उरलेल्या दोन सांगाड्यांना घासून पॉलिश केलं, वर सुती जाड कापडाच्या गाद्या केल्या, आणि त्या मुलीच्या केबिनमध्ये आहेत. तिथे दमट हवा कमी येते आणि बसणारे बहुधा तिच्याच वयाचे असतात. 31 जुलैच्या रात्री शेवटचं विवरणपत्र भरून झालं की ती तिथे बसते.

मुख्याध्यापक सर दर वर्षी येतात. गेल्या खेपेला बाकाच्या टोकाला जागा रिकामी असूनही ते खुर्चीत बसले.

एक काम बाकी आहे. हाताचं टोक लांब केल्यामुळे उठताना साडीचा पदर त्यात अडकतो, दोघींनी तशी तक्रार केली. टोकाची कड खालून गोल करायची आहे. मेस्त म्हणाले, सहाही खुर्च्या नेऊ नका, मीच रंधा घेऊन येतो, चवथ झाली की.